साठाव्या खोलीचं दार

तीर्थस्वरूप वहिनींना,

खालच्या मजल्यावरून साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला माझ्या खोलीत जागा उरलेली नाही, सगळीकडे खोकी आहेत, तेव्हा उभ्याउभ्याच घातला असं समजावं.) आपली प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. म्हणजे आशा कसली, मधली स्लॅब इतकी पातळ आहे की तुमचा खोकला मला पाठ झालाय. परवापासून बराच कमी आहे, बरं वाटलं. गेले दहा-बारा दिवस मात्र वरून कपाटाचे खण ओढल्याचे आणि पलंग सरकवल्याचे आवाज सारखे येतात, आणि सोमवारी जिन्यात तुम्ही दांडीला चिकटपट्टी लावलेला जुना चष्मा घालून कामावर निघालेल्या दिसलात. काही हरवलं असेल तर लवकर सापडो. मी बरा आहे. पोट वाढलंय, केस कमी झालेत, दोन्ही मिळून वजन तेवढंच. या पत्रात अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, त्याचं कारण शेवटी सांगतो.

एकाच जिन्यावर राहून पत्र कसलं लिहितो, असं तुम्ही म्हणाल. पण गेलं दीड वर्ष आपलं बोलणं ‘पाणी गेलं का’ आणि ‘गेलं’ याच्या पुढे सरकलेलं नाही, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात बसत नाही. शिवाय समोर येऊन सांगितलं तर तुम्ही माझी नाडी बघाल, आणि रक्त तपासणाऱ्या बाईंसमोर नाडी देऊन बसलं की सुईही येतेच. म्हणून लिहितो. दादा माझ्या खोलीत येऊन व्हिडिओ गेम खेळतोय. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं, कारण दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने ते नीट होत नाही.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला ती काळी कॅसेट आठवत असेल, लेबल फाटलेली, जिला आम्ही दोघं लहानपणापासून ‘बंगला’ म्हणायचो. (खरं नाव कुणालाच माहीत नाही. आमच्या गटातले निवृत्त पोस्टमास्तर, जे माझ्यासारखेच जुने गेम गोळा करतात, ते तिला ‘अज्ञात, नकली, क्रमांक एकोणीस’ म्हणतात.) चौसष्ट खोल्यांचा अंधारा बंगला. आपण रखवालदार. कंदील घेऊन एकेका खोलीत जायचं, दिवा लावायचा, बाहेर पडायचं. मागून काहीतरी येत असतं, ते शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त पावलं वाजतात. दादाची यात एक खोड होती. दिवा लावून झाला की तो मागे वळून खोलीचं दार लावायचा. त्याचे गुण मिळत नाहीत, उलट कंदिलातलं तेल जातं, पण लावायचा. घरीही तेच. वारा येत नाही म्हणून तुम्ही उघडायच्या, तो जाता-येता लावायचा, आणि हा कार्यक्रम मी तुमच्या लग्नापासून खालून ऐकलाय. कॅसेटमध्ये नावं साठवायचे तीन कप्पे आहेत. पहिला दादाचा, दुसरा माझा, आणि तिसरा त्याने लग्नानंतरच्या आठवड्यात तुमच्या नावाने उघडला. त्यात अजून शून्य खोल्या आहेत. तुम्ही कधी रिमोट हातात घेतला नाहीत, नुसत्या त्याच्याशेजारी बसून ‘डावीकडे, अहो डावीकडे’ म्हणायच्या.

दादा गेला तेव्हा त्याच्या कप्प्यात सत्तावन्न खोल्या उजळलेल्या होत्या. तो कप्पा मी कधी उघडत नाही, कारण उघडला आणि चुकून काही साठवलं गेलं तर ते त्याचं राहणार नाही. पण उघडायची गरजही पडत नाही. कप्पा निवडायच्या पानावरच बंगल्याचा छोटा नकाशा दिसतो, उजळलेली खोली पिवळी, दार बंद असेल तर तिथे एक काळी रेघ. दर रविवारी सकाळी मी सगळ्या कॅसेटी एकेक करून लावतो, चालतात का बघतो, नोंदवहीत टिपतो आणि पुसून ठेवतो. (पोस्टमास्तर याला जतन म्हणतात. आपली आई याला उद्योग नाहीत असं म्हणायची.) तर अकरा रविवारांपूर्वी दादाच्या कप्प्यात अठ्ठावन्न खोल्या होत्या. मला वाटलं, मागच्या वेळी मोजताना चुकलो. पुढे एकोणसाठ झाल्या. मग साठ.

साठ झाल्या त्या दिवशी माझी बोबडी वळली हे मान्य करतो. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी सहाला कामावरून आलो की बूटही न काढता आधी टीव्हीला हात लावायला लागलो. तुम्हाला माहीत आहे, तो जुना पोट फुगलेला टीव्ही मी या खेळांसाठीच ठेवलाय. एखाद्या दिवशी मागची बाजू कोमट असायची. पडद्यावर हात फिरवला की हातावरचे केस उभे राहायचे, आणि ते तो नुकताच बंद केला असेल तरच होतं. दादाच्या खुर्चीची उशी बसलेली. रिमोट जमिनीवर, पालथा. वहिनी, रिमोट पालथा दादाच ठेवायचा, बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. दाराचं कुलूप जसंच्या तसं. भुतं रात्री येतात अशी माझी समजूत होती, पण हे दुपारचं भूत होतं, माझ्या कामाच्या वेळा सांभाळून येणारं, आणि जाताना बटण बंद करून जाणारं. मी दारात उभा राहून ‘दादा?’ अशी हाकसुद्धा मारली. समोरच्या शिंपीणबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांना म्हटलं, दात विसरलो. (मी कवळ्या करतो, त्यामुळे हे वाक्य मला कुठेही चालून जातं.)

पोस्टमास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि मला आतल्या सेलवर व्याख्यान दिलं. या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो, तो जिवंत आहे तोवरच साठवलेलं टिकतं, आणि तो म्हातारा झाला की कॅसेटला भ्रम होतो, आकडे पुढेमागे होतात. तुमचा भाऊ नाही, तुमचा सेल बोलतोय, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सेलला भ्रम झाला तर आकडे वेडेवाकडे उडतील, दर एक-दोन आठवड्यांनी एकेक खोली शिस्तीत कशी उजळेल? त्यावर त्यांनी विषय बदलून चौसष्टाव्या खोलीवर नेला. तिला नकाशात दारच नाही. त्यांचं म्हणणं, गेम करणाऱ्याची कॅसेटमधली जागा तिथे संपली, म्हणून ती तशीच राहिली. माझं म्हणणं, ज्या माणसाने तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोहून कमी जागेत आख्खा बंगला बांधला, पावलांसकट, तो एका दारासाठी अडणार नाही. त्याने ते मुद्दाम लपवलंय. आताच्या गेममध्ये प्रत्येक दारावर बाण असतो, चुकलात तर कुणीतरी गोड आवाजात वाट सांगतं, दर मिनिटाला आपोआप साठवलं जातं, म्हणजे हरायचीसुद्धा सोय ठेवलेली नाही. आणि कंपनीने एक दिवस बटण दाबलं की तुमचा गेम, तुमचं नाव, सगळं गायब. आमच्या बंगल्यात पावलं ऐकून आम्ही टीव्हीचा आवाज बारीक करायचो, पण बंगला आपल्या कपाटात असायचा. या विषयावर मी फार बोलतो असं दादाही म्हणायचा. असो.

आता त्या खोक्याचं बोलतो, जे दीड वर्ष बोललो नाही. दादा जाऊन महिना झाला नव्हता, तुम्ही ते खेळांचं खोकं भंगारवाल्यासाठी जिन्यात ठेवलंत, आणि मी चार शेजाऱ्यांदेखत ओरडलो की तुम्हाला त्याचं काहीच ठेवायचं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘मला त्याच्याकडे बघवत नाही, भाऊजी.’ मी ते ऐकलं आणि तरी खोकं उचलून पाय आपटत खाली आलो. त्या वाक्याचा अर्थ मला खाली आल्यावर दहा मिनिटांत कळला होता. पुन्हा वर यायला मात्र दीड वर्ष पुरलं नाही. चूक माझी होती, वहिनी. दादा एकट्या माझा नव्हता.

म्हणून तुम्हालाच विचारतो. तुम्ही त्याच्या बायको, त्याचं मन तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. आता त्रेसष्ट खोल्या झाल्यात, आणि गेले दोन रविवार आकडा हललेला नाही. दादा अडकला की थकला की रुसला, काही कळत नाही. नव्या सहा खोल्यांपैकी पाच खोल्यांची दारं सताड उघडी आहेत. एकाच खोलीचं, साठावीचं, बंद आहे. त्याला काय निरोप द्यावा, ते दोन ओळींत कळवावं. पत्र दाराखालून सरकवलं तरी चालेल.

मोठ्यांना नमस्कार म्हणायला आता वर-खाली कोणी मोठं उरलेलं नाही, तेव्हा तो तुम्हालाच दुसऱ्यांदा.

तुमचा धाकटा दीर
(खालचा)

ता. क. – मूळ काम राहिलंच. सेल मी मोजला. नवा तीन व्होल्ट भरतो, हा दोन पूर्णांक तीनवर आलाय आणि दर आठवड्याला उतरतोय. महिनाभरात पहिल्या कप्प्यात काहीही उरणार नाही, ना नाव, ना खोल्या. कॅसेट नकली असल्यामुळे पोस्टमास्तरांचं नक्कल करायचं यंत्र तिला ओळखतच नाही. एकच उपाय आहे. बाहेरून दुसऱ्या सेलच्या दोन तारा टेकवून धरायच्या, म्हणजे कॅसेटला कळतच नाही, आणि तेवढ्यात जुना सेल काढून नवा सोल्डरचा डाग देऊन जोडायचा. दीड मिनिटाचं काम. पण तारा धरणाऱ्याचा हात केसभर हलला तरी त्रेसष्ट खोल्या अंधारात जातील. लोकांच्या जबड्यांशी माझा हात कधी हलत नाही, पण ही कॅसेट उघडून मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा हात थरथरला म्हणून परत स्क्रू लावले. तुम्ही रोज पन्नास माणसांच्या शिरेत सुई घालता. रविवारी दुपारी चारला येऊन तारा धराल का?

ता. क. दुसरा – अक्षर मोठं काढलं, कारण तुमचा चांगला चष्मा टीव्हीच्या मागे पडला होता, मला मागच्या रविवारी झाडताना सापडला. जुन्या नंबरवर तुम्ही लोकांच्या शिरा कशा शोधता हे विचारायची माझी हिंमत नाही. दादाने माझ्या खोलीची किल्ली तुमच्याकडे ठेवायला दिली होती, हेही तेव्हाच आठवलं. (इतके दिवस का आठवलं नाही, हे विचारू नका. मला ते भूत हवं होतं.) रिमोट पालथा ठेवायचं तुम्ही लक्षात ठेवलंत, दारं मात्र तुमच्या सवयीने उघडीच टाकलीत. किल्ली परत मागत नाही. दुपारी हव्या तितक्या वेळा या. चष्मा पाठवत नाहीये, टीव्हीवर ठेवलाय, रविवारी येऊन घ्या.

ता. क. तिसरा – हे लिहिणार नव्हतो. साठावी खोली उजळली तो आठवडा मी नोंदवहीत पुन्हा काढून पाहिला. तुम्ही तुमच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला माहेरी गेला होतात, आठ दिवस. वर ना खोकला, ना पाऊल. किल्ली तुमच्या जुडग्यात, जुडगा तुमच्याबरोबर. पोस्टमास्तरांना मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. रविवारी खुर्च्या तीन मांडून ठेवतो. आत आलात की दार नेहमीसारखं उघडंच टाका. लावून घ्यायचं असेल तर तो घेईल.