केसपेपरवरचा ‘अस्वच्छ’

त्वचारोगतज्ज्ञ महाशय,

मंगळवार, चार मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही माझ्या सहा वर्षांच्या नातीच्या केसपेपरवर ‘अस्वच्छ राहणी’ असं लिहिलंत. वर तिच्यादेखत मला विचारलंत, “आजीबाई, पोरीला पाणी दाखवता की नाही?” उचलली जीभ लावली टाळ्याला!

तिच्या तोंडातल्या बुरशीचं आणि जाड, पिवळ्या नखांचं कारण आता मोठ्या इस्पितळाने शोधलं आहे. बुरशीला हाकलण्याची ताकदच तिच्या अंगात जन्मापासून कमी आहे. दोष आनुवंशिक आहे, माझ्याकडून आलेला. साबणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

पण पोरगी बेसिनपाशी उभी राहून रक्त येईपर्यंत बोटं घासते. काल म्हणाली, “आज्जी, आता तरी मी स्वच्छ झाले का गं?”

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोज आमची नखं तपासत. माझ्या अंगठ्याचं नख असंच होतं. हातावर पट्ट्या खाऊन मी तो अंगठा मुठीत लपवायला शिकले, ते आजतागायत लपवतेच आहे. तरीही घासायचा ब्रश तिच्या हातात मीच दिला, तुमच्याही आधी. म्हणून तर हे पत्र तीनदा लिहूनही पाकिटात जात नाही.

तो शब्द खोडा आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तसं लेखी कळवा. पत्र तिला लिहा, मोठ्या अक्षरांत. ती अक्षरं जुळवत वाचते. तिच्या प्रश्नाला माझं उत्तर तिला त्याआधी मिळेल. मी तिच्यासमोर मूठ उघडणार आहे.

तुमच्या लेखी अस्वच्छ,
तिची आजी