संतरामचा स्टॅमिना

६ जानेवारी २००२, रविवार
आजपासून सायकलिंग. पंचवीस वर्षं शाळेत पोरांना कवायत शिकवली, अन् आता स्वतःचं पोटच ऑर्डर ऐकेना. नांदेडहून गियरची सायकल आणली. जोडीला पोस्टातला संतराम, शाळेपासूनचा दोस्त. त्याची तीच जुनी काळी सायकल. टार्गेट : एक जूनच्या आत हिंगोली ते औंढा, तिथून सिद्धेश्वर धरण, अन् त्याच दिवशी परत. कोच अर्थातच मी.
आज सहा किलोमीटर. जास्त झाले असते, पण पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

२० जानेवारी, रविवार
चांगला दिवस. बारा किलोमीटर. चढावर उतरून चेन तपासली. वरपर्यंत चालतच तपासली. संतराम आधीच वर जाऊन दगडावर बसला होता. म्हणाला, चेन बराबर हाय का? बराबर होती.

१० फेब्रुवारी, रविवार
वाईट दिवस. जाताना वारा उलटा, येतानाही उलटा. असं कसं होतं ते भूगोलाच्या सरांना विचारणार.

२४ फेब्रुवारी, रविवार
परतीला हॉटेलात थांबलो. गरम भजे. संतरामनं हात लावला नाही, नुसता चहा घेतला. तेलकट सोड म्हणून मीच सांगितलं होतं, पण इतक्या लवकर मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. त्याची प्लेट मी संपवली. अन्न वाया जाऊ नये.

१७ मार्च, रविवार
संतरामची पँट ढिली झाली. बेल्टला नवीन भोक पाडलं त्यानं. दहा आठवड्यांत हा रिझल्ट! उद्या स्टाफरूममध्ये सांगणार. माझं वजन तेवढंच आहे, पण ते स्नायूंचं आहे.
आमची जिवनबाई म्हणाली, संतरामभाऊ काहून वाळून राहिले? मी म्हणालो, वाळले नाहीत, फिट झाले. ती म्हणाली, फिट माणसाचे डोळे असे आत जात न्हाईत.
बायकोला सायकलिंगमधलं काही कळत नाही.

३१ मार्च, रविवार
फार चांगला दिवस. आज पहिल्यांदाच संतरामच्या आधी चढ चढलो. दोनदा उतरलो, पण पोचलो आधी. दहा मिनिटं त्याची वाट पाहिली. तो सायकल हातानं ढकलत आला. त्याला श्वासाचं टेक्निक समजावलं. हसला, खाली बसला, बराच वेळ उठला नाही. स्टॅमिना कमी पडतो त्याचा. शेड्यूल कडक करावं लागेल.

१४ एप्रिल, रविवार
जयंती, म्हणून सायकल बंद. दरवर्षी संतराम मिरवणुकीत सगळ्यात पुढं असतो. यंदा दारात खुर्ची टाकून बसला होता. मिरवणूक समोरून गेली तेव्हा हात जोडून उठला, अन् लगेच बसला. मी म्हणालो, उन्हाळा बाधतो. तो म्हणाला, व्हय, उन्हाळाच. त्याची बायको केशरबाई नुसती माझ्याकडे बघत होती. पुढच्या रविवारचा टाईम सांगून निघालो.

५ मे, रविवार
संतराम आला नाही. मागच्या रविवारीही नव्हता. आळस, दुसरं काय. एकटा गेलो. चार किलोमीटरवर सवयीनं मागं वळून पाहिलं. परत आलो. टायरमध्ये हवा कमी वाटत होती.

२१ मे, मंगळवार
संतरामला नांदेडला नेलं. अन्ननलिकेत गाठ आहे म्हणे. पाणीसुद्धा अडकतं.
आजकाल सगळ्यावर औषध आहे. टार्गेट एक महिना पुढं ढकलतो. जुलैत ऊन नसतं, उलट बरंच झालं.

९ जून, रविवार
एसटीनं नांदेडला गेलो. वॉर्डात दोनदा त्याच्या कॉटजवळून पुढं निघून गेलो. ओळखू आला नाही. नळीतून दूध देतात.
मी म्हणालो, जुलैत निघायचं. त्यानं खुणेनं जवळ बोलावलं. आवाज पार बसलेला. म्हणाला, मोहन, तू चढावर गियर चुकीचा टाकतो. पुढची लहानी चकती घेत जा. पहिल्या दिवसापासून बघून राहिलो.
मी विचारलं, मग सांगितलं काहून नाही? म्हणाला, कोच तू व्हतास.

२ जुलै, मंगळवार
संतराम काल गेला.

१४ जुलै, रविवार
केशरबाई वहिनींना भेटायला गेलो. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. वहिनी म्हणाल्या, घरी एप्रिलपर्यंत लपवून ठेवलं त्यांनी. सर, दर रविवारी तुमी सोबत व्हता. तुमाला तरी कधी काही बोलले व्हते का?
मी म्हणालो, नाही वहिनी. काहीच नाही.

३ मार्चचं पान कोरं आहे. ते आज लिहितो.
त्या दिवशी पुलाच्या कठड्यावर बसलो होतो. संतराम म्हणाला, मोहन, घास खाली उतरत न्हाई. पंधरा दिवस झाले. डॉक्टरला दाखवू का? मी म्हणालो, पाणी कमी पितोस तू. डॉक्टरकडे गेलास तर तो आधी सायकल बंद करील. अजून थोडे दिवस बघ. तो बरं म्हणाला. माझं ऐकायची सवय होती त्याला.
मला एकट्यानं जायचं नव्हतं. एवढंच.
घरी येऊन वही उघडली होती. तारीख टाकली, अन् मिटून ठेवली.

उद्या शाळा सुटली की सरळ वहिनींकडे जायचं अन् खरं काय ते सांगायचं. पक्कं.

१५ जुलै, सोमवार
गेलो. वहिनींनी चहा केला. पिऊन परत आलो.