बिअरच्या डब्यावर भावोजी

आपला सख्खा भाऊ कोणता हे जिला ओळखता येत नाही, त्या बाईने घरातले फोटो वाटत फिरू नये. हे आधी लिहून टाकलं, कारण मागाहून लिहायला घेतलं असतं तर राग निवला असता, आणि तो मला निवू द्यायचा नव्हता.

आता रीतीचं. नणंदबाई थेल्मा हिला बर्टनहून भावजय बेरिलचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझा विचारू नकोस. तुमच्या स्केग्नेसला वारा सुटला असेलच (तिथे दुसरं आहे काय?).

तर झालं असं. माझ्या नातवाने, कॅलमने, टायरच्या जुन्या वर्कशॉपात ब्रुअरी काढलीय हे तुला ठाऊक आहे. माझ्या होरेसने उभा जन्म बिअरची लाकडी पिंपं बांधली, त्याची आठवण राहावी म्हणून पोराने आपल्या इंडिया पेल एल बिअरच्या डब्यावर त्याचा चेहरा छापायचं ठरवलं. बिअरचं नाव नुसतं ‘आजोबा’. होरेस गेला तेव्हा हा पाळण्यात, आणि माझ्याकडचे सगळे फोटो तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाले, म्हणून बिचारा फोटो मागायला तुझ्या दारी आला. शनिवारी मला ब्रुअरीत नेऊन म्हणाला, “आजी, तू चाखून हो म्हण, मगच छापायला देतो. नाही म्हणालीस तर आजोबांना काढून टाकतो.” बोलताना खालचा ओठ चावत होता. लहानपणी माझी खिडकी फोडून आला होता तेव्हा असाच उभा होता.

मग त्याने नमुन्याचा डबा पुढे ठेवला. बघते तर रेज! तुमचा थोरला रेज! तीच गळ्याला फास लावणारी कॉलर, तीच चॅपलात कुणीतरी शिंकल्यासारखी मुद्रा. दारूचा थेंब न शिवलेला, दारूबंदीवर भाषणं ठोकणारा, आमच्या लग्नात लिंबाच्या सरबताचा पेला उंचावून शुभेच्छा देणारा (आणि सरबत फार गोड झालंय म्हणणारा) रेज, बिअरच्या डब्यावर! दोघे भाऊ दिसायला सारखे, कबूल. पण होरेस कधी फोटोत तोंड मिटून उभा राहिलाय का गं?

सांगणारच होते. तेवढ्यात मनात आलं, आधी चाखू. बिअर चांगली निघाली तर तोंड उघडायचं आणि माझ्या माणसाला त्याची जागा द्यायची. वाईट निघाली तर बघू.

कॅलमचा भागीदार आला, जास्पर म्हणून, दाढीत कंगवा हरवेल असा. फळीवर चार ग्लास मांडून आणले, खोकल्याच्या औषधाच्या मापाचे. “हे काय, बाहुल्यांचं लग्न आहे?” मी विचारलं. “आधी नाकाला बोलू द्या,” तो म्हणाला. माझं नाक बोलायला लागलं असतं तर त्याची दाढी जळाली असती. ग्लासात बघते तर भांडी विसळलेलं पाणी. “मुद्दाम गढूळ ठेवलीय, आजी.” मुद्दाम! होरेस ग्लासामागे बोट धरायचा. बोट दिसलं नाही तर ग्लास परत. आता त्याच पापाला कला म्हणतात. वास आंब्याचा. कुठली तरी अमेरिकेची हॉपची फुलं आणली म्हणे, त्यांनी येतो. आंब्याचा वास हवा तर डबा फोडून आंबा खावा, त्यासाठी ब्रुअरी कशाला? आणि चव अशी, की कुणीतरी फळांच्या रसात केस धुतलेत. अगं, इंडियापर्यंतच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून ही बिअर कडक करत असत. यांची फळीवरून टेबलावर येईपर्यंत टिकली हेच नवल.

“दहापैकी गुण द्या,” दाढीवाला म्हणाला. “पोरा, माझी शाळा लवकर सुटली,” मी म्हटलं, “पण शून्य काढता येतं.” कॅलमचा चेहरा पडला. “मग आजोबांना काढू?”

मी डब्याकडे पाहिलं. रेजने माझ्याकडे पाहिलं. आणि मला एकदम पटलं, की जन्मभर सरबत प्यायलेल्या माणसाला सरबताच्या डब्यावर छापायला हरकत काय? जोडी जमलीय. “बिअर भिकार आहे,” मी म्हटलं, “पण फोटो छान आहे. छाप.” पोराने मला उचललंच. “आजोबांना आवडली असती, नाही का गं?”

“डब्यावरच्या माणसाला,” मी म्हटलं, “जन्मात एकही बिअर वाईट लागली नाही.”

एक अक्षर खोटं बोलले नाही. तेव्हा तूही तोंड मिटून राहा. रेज तर गेला, मागे बायको नाही, पोर नाही, ओरडायला कुणी उठणार नाही.

तुझी,
बेरिल

ता. क. निघताना कोपऱ्यात एक पिंप दिसलं. “ते बिघडलंय, गटारात जायचंय,” जास्पर म्हणाला. ऐक. जगभरचे लोक आपली बिअर बर्टनसारखी व्हावी म्हणून पाण्यात जिप्समचा क्षार घालतात, आणि या दिवट्यांनी बर्टनात बसून पाण्यातलं जिप्सम काढायचं यंत्र घेतलंय! ते बंद पडलं त्या दिवशीचं हे पिंप. मी ग्लास मागितला, मोठा. नुकत्याच ओढलेल्या आगकाडीचा वास, बर्टनच्या जुन्या बिअरला यायचा तोच, वर स्वच्छ कडूपणा. दुसरा मागितला. तिसऱ्याबद्दल तुला कळायची गरज नाही. गटारात ओतलंस तर माझ्या घरात पाय ठेवू नकोस, असं कॅलमला बजावून आले.

ता. क. दुसरा. त्या पिंपासाठी मला होरेस हवाय. समुद्रकिनाऱ्यावरचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हसताना तुटका दात दिसतो तो. चष्मा घालून शोध आणि पुठ्ठ्यात घालून पाठव. माझ्याकडे त्याचा एकही फोटो उरला नाही. दोन चेहरे कसे म्हणून कॅलमने विचारलंच, तर सांगेन, एक आजोबांचा बिअर प्यायच्या आधीचा, दुसरा प्यायल्यावरचा. उत्तर तू स्वतःच्या हाताने लिहायचं. तुझ्या लेकीला, पॉलिनला, लिहायला सांगितलंस तर ती आधी कॅलमला फोन करेल.