सोमीबाईचं नाव

धानोरा, बुधवार, मे १९५५

आज भाऊंशी चक्क वाद घातला. पण बरोबर मीच होतो.

भाऊ पूर्वी परदेशातून युद्धाच्या बातम्या पाठवायचे. आता तेंदूपत्ता तोडणाऱ्यांवर पुस्तक लिहितात, त्यांच्यासाठी ठेकेदाराशी भांडतात. मी त्यांच्या लिखाणाची स्वच्छ नक्कल करतो. फडावर पानं मोजून घेताना ठेकेदाराचा माणूस काही पुडे खराब म्हणून बाजूला काढतो, पैसे देत नाही, आणि मागाहून तेच पोत्यात भरतो. हे पानं तोडणाऱ्या सोमीबाईनं सांगितलं. भाऊंना तिचं नाव छापायचं होतं.

"नाव नसलं की ती अफवा ठरते," ते म्हणाले.

"तुम्ही परत नागपूरला जाल, भाऊ. तिला याच फडावर पुडे आणायचे आहेत."

असं कसं बोललो मी? भाऊंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "नाव खोड. उद्या मीच फडावर बसतो. पाहीन ते माझ्या नावानं लिहीन."

संध्याकाळी भाऊंनी सोमीबाईला सांगितलं, तर म्हणते, "बसा ना, भाऊ. पन आमच्यासंगं उन्हात बसा, ठेकेदाराच्या सावलीतल्या बाजेवर नोको!"

भाऊ खूप हसले.

नाव खोडलं. दोनदा तपासलं, एक अक्षरही वाचता येत नाही. उन्हासाठी दोन दुपट्टे काढून ठेवलेत. एक भाऊंचा, एक माझा.