बाबांना छावणीत नेलं

क्लेटन, मेलबर्न
२ ऑगस्ट २०२५

ती. रेखाताईस,
शिरीषचा सा. न. वि. वि.

मेल असला तरी पत्र समजून वाच. सोबत एका चित्रपुस्तकाचं भाषांतर जोडलं आहे. आमच्या शेजारच्या रेनीबाई एकोणनव्वद वर्षांच्या, धर्माने ज्यू. हिटलरच्या काळात पॅरिसमधून त्यांच्या वडिलांना पकडून नेलं, तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. एका शेतकरणीने मायलेकींना लपवलं, म्हणून त्या वाचल्या. पुढे दोघी बोटीने इथे आल्या. त्यांच्या नातीने, लूसीने, हे सगळं चित्रांत काढलं आहे.

वडिलांचा फोटो एकही उरलेला नाही. चित्रातले बाबा लूसीने अंदाजाने काढलेत. रेनीबाईंना वाटतं, आपण गेल्यावर बाबा कुठल्या तरी मुलांच्या मनात राहावेत. म्हणून तुझ्या चौथीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखव आणि मुलांकडून बाबांचं चित्र काढून घे. बाई रोज कुंपणाशी येऊन विचारतात, आली का चित्रं.

लहान मुलांसाठी आहे म्हणून भयंकर शब्द मी गाळलेत. अनुष्का म्हणते, माझं मराठी ऐकून तिला झोप येते. लेकच ती, काय बोलणार! तू मात्र लाल पेन घेऊन बसू नकोस.

माया असू दे.
तुझा शिरीष

बोराटेवस्ती, ता. आटपाडी
१२ ऑगस्ट २०२५

चि. शिरीष यास,
अनेक आशीर्वाद.

काय लिहू ते कळत नाही. काल गोष्ट वाचायला घेतली. मुलं अगदी गुंगून गेली होती. ‘बाबांना छावणीत नेलं’ हे वाक्य वाचलं आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मला आधी उमगेचना. मग मल्हारी उठून म्हणाला, सुटला की हो बाबा, आता पोटाला मिळंल. अरे, इथे छावणी म्हणजे चारा छावणी! दुष्काळात आमची गुरं तिथे जगली, गुरांबरोबर माणसंही. रात्री कीर्तन व्हायचं, पंगत बसायची. मल्हारी तर तिथेच बोलायला शिकला. या पोरांना छावणी म्हणजे जीव वाचायची जागा.

इतिहासाच्या पुस्तकात छळछावणी म्हणतात. तू ‘छळ’ का काढलास? आणि वर्गात जाण्याआधी माझ्या तरी ध्यानात यायला नको होतं?  मी पुस्तक मिटलं. पुढच्या पानावर ‘बाबा परत आले नाहीत’ असं आहे, ते वाचलंच नाही.

मुलांनी चित्रं मात्र उत्साहाने काढली. सगळ्यांचे बाबा कडब्यावर बसून हसताहेत, शेजारी खिलार बैल. फोटो काढून तुला पाठवते, पण त्या माउलीला दाखवू नकोस. तिचं काळीज फाटेल.

सांभाळून राहा.
तुझी ताई

क्लेटन
१५ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून देवापुढे जाऊन बसलो, पण नाम ओठांवर येईना. पोरांना दुखू नये म्हणून एक शब्द काढला आणि त्याने हे केलं. दुसरी चित्रं काढून मागवावीत, असंही मनात आलं. मधुवंती, बायकोच ती, म्हणाली, तसं कर, पण मग रेनीबाईंना गुड मॉर्निंग तू म्हणायचं, मी नाही म्हणणार.

आज शेवटी गेलो. चित्रं पुढे ठेवली, टाळ्यांचंही सांगितलं.  त्यांनी कडब्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी म्हटलं, वाळलेली ताटं, गुरांसाठी. तर म्हणाल्या, बाबाही तिथे पेंढ्यावरच झोपायचे.

 ताई, त्यांच्या बाबांची पहिली छावणी खेड्यातच होती म्हणे. आई एकदा ट्रेनने भेटायला घेऊन गेली होती. बाबा तारेपलीकडून हसले होते. रेनीबाई खूश होऊन परतल्या, मैत्रिणींना सांगत सुटल्या, आमचे बाबा गावाला गेलेत. वर्षभराने त्या सगळ्यांना गाडीत कोंबून पोलंडला नेलं.

मी म्हटलं, शब्द बदलून देतो. त्यावर त्या चिडल्या. आम्हालाही असाच साधा शब्द सांगितला होता, म्हणाल्या, तो राहू दे. पण पुढचं पान वाचाच. नाहीतर बाबा त्या चित्रात हसतच बसतील.

तुलाच हे करावं लागणार. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
शिरीष

बोराटेवस्ती
१९ ऑगस्ट २०२५

चि. शिरीष,
आशीर्वाद.

आज वाचलं. बाबा परत आले नाहीत. तारेपलीकडच्या हसण्याचंही सांगितलं. एक मुलगी म्हणाली, पुढच्या पानावर येतील की. मी नाही म्हटलं.  

चित्रं परत घेऊन बदलायची आहेत का, असं मी विचारलं. कोणी हात वर केला नाही. मधल्या सुटीत मल्हारी टेबलाशी आला. म्हणाला, बाई, हसत होता तवा बाबाला ठावं होतं का?

 हे रेनीबाईंना विचारायचं की नाही, ते तूच ठरव.

तुझी ताई