आ-मिनची रेघ

चायी, तैवान
९ डिसेंबर

प्रिय आ-मिन,

कसा आहेस? शिन्चूत आता बोचरा वारा सुटला असेल. तू अजून त्याच कंपनीत आहेस, असं ताईकडून कळलं. मी ठीक आहे.

आलेख काढून देणारी आपली चिमुकली सॉफ्टवेअर लायब्ररी अजून चालू आहे. नवी आवृत्ती आधीपेक्षाही हलकी आहे, जुनाट फोनवरसुद्धा आलेख चटकन उमटतो. ब्राझीलमधल्या एका शिक्षिकेनं ती वापरून वर्गातल्या मुलांच्या उंचीचे आलेख काढले आणि आभाराचं पत्र पाठवलं. खालच्या अक्षावरचे आकडे एकमेकांवर चढायचे, तेही नीट केलं. हल्ली मी एवढंच करतो. जेवतो, झोपतो, आकडे सरळ करतो.

दुकान सध्या बंद आहे. टर्की-भाताचं मोठं पातेलं ताईनं घासून उपडं घातलंय.

आपण माडीवर कोड लिहीत बसायचो तेव्हा आई वाडगे घेऊन वर यायची, आठवतं? "दोन दोन घोडे, आणि सकाळपासून एक रेघ निघत नाही तुमच्यानं!" आपलं भांडणही त्या रेघेवरूनच. दोन बिंदूंमध्ये तुला हळुवार वळण हवं होतं. मी म्हणायचो, मधे काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही, सरळ जोडायचं. आई तुझ्या बाजूची. "आ-मिनची रेघ बघायला बरी वाटते. तुझी म्हणजे जिना उतरल्यासारखी, गुडघे दुखतात माझे."

नववर्षाला तू गावी गेलास आणि मी तुला न विचारता तुझं वळण काढून टाकलं. परत आलास, पाहिलंस आणि न जेवता निघून गेलास.

ऑक्टोबरात आईला इस्पितळात ठेवलं. मूत्रपिंडं. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. मूत्रपिंडांचं काम किती उरलंय त्याचा आलेख होता, आणि तो आपल्याच लायब्ररीनं काढलेला होता. जुनी आवृत्ती, तुझ्या वळणाची. मी एका नजरेत ओळखली. डॉक्टर बोलत होते आणि मी रेघेची जाडी बघत होतो.

"ही आ-मिनची ना रे?" आईनं विचारलं.

"हो."

"बघ, किती हळू उतरतेय. तुझी असती तर मी दाणकन आपटले असते."

नर्स हसली. मीही हसलो असेन.

मग आई म्हणाली, "त्याला कळव. म्हणावं, काकू बोलावतेय."

"कळवलंय."

"काय म्हणाला?"

"येतोय."

तिनं ताईकडून केस विंचरून घेतले. निळा स्वेटर मागितला. दार वाजलं की मान वळवायची. मी बाजूला फोन घेऊन बसलेलो, समोर तुझा नंबर. राग कधीच गेला होता, आ-मिन. पण तुला फोन केला असता तर आईला काय झालंय ते मला तोंडानं म्हणावं लागलं असतं. ते जमेना. शेवटपर्यंत जमलं नाही.

आई गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सकाळी. एवढं एक वाक्य लिहायला मी आधी किती काय काय लिहिलं बघ.

घरात सगळे रडत होते. मी चहा ओतला, तिच्या नावानं जाळायची कागदी कमळं दुमडली, कडेला कडा जुळवून. मावशी म्हणाली, "दगड आहेस का रे?" मी म्हटलं, "माहीत नाही, मावशी." खरंच माहीत नव्हतं. अजून नाही.

तुझं वळण मी परत घातलंय. ते तुला खूश करायला नाही, आईला ते आवडायचं म्हणून.

फेब्रुवारीत आई गेल्याचा शंभरावा दिवस आहे. पूजा दुकानातच करू. तारीख ताई कळवेल. या वेळी कळवायचं काम मी तिलाच सांगितलंय, स्वतःवर ठेवलेलं नाही. शटर अर्धंच वर असेल, वाकून आत ये. सगळ्यांसमोर शिव्या दिल्यास तरी चालेल. मी आईला सांगितलं होतं की तू निघालायस.

अजून डोळ्यांत पाणी न आलेला,
तुझा
आ-खाय