जाईच्या येण्याजाण्याचा वड

मी, शालन शिवराम खानविलकर, वय वर्षे अडुसष्ट, राहणार जुईनगर, नवी मुंबई, माझ्यामागे काय कोणाला जावं ते आज लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने डॉक्टरांना विचारावं; हृदयाबद्दल ते चांगलं बोलत नाहीत, पण डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करण्याचा उत्साह नाही.

१. माझी राहती सदनिका मुलगा अभिराम यास मिळावी. तो जर्मनीत असतो, तिथेच राहणार हे मला कळतं. तरी नात जाई मोठी होईपर्यंत त्याने ही जागा विकू नये. कारण पुढे येईल.

२. मोहनमाळ आणि पाटल्या सून श्रुती हिला. दर रविवारी फोन तीच लावते. अभिराम मागून फक्त "आई, टेन्शन घेऊ नकोस" एवढं ओरडतो. सुनेने मला लेकीची उणीव भासू दिली नाही, हे तिच्या तोंडावर बोलायचं राहिलं, म्हणून इथे लिहिते.

३. माझी मच्छरदाणी धाकटे दीर बंडूभावोजी यांना. आम्ही गिरगावातली खोली सोडून इथे आलो तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "खाडीत डासांना पोसायला चाललेत." दिवाणखान्यात वारा खात, माझ्या हातची बिरडी खाऊन बोटं चाटताना मात्र त्यांना एकही डास चावला नाही.

४. आता झाडांविषयी. दोन वर्षांपूर्वी, यजमान गेल्यानंतर, अभिरामने मला सुट्टीसाठी जर्मनीला नेलं. आयुष्यातलं पहिलं विमान. ढग पायाखाली पाहून मी हात जोडले. ही सांगण्यासारखी गोष्ट मी जाईला सांगितली, तर ती कार्टी म्हणते, "आजी, तुझ्या विमानाने किती धूर सोडला, माहितेय? तो वरच राहतो. आता तो शोषायला तुला झाडं लावायला लागतील. आणि ती तोडायची नाहीत हं! तोडली की धूर परत."

घरात सगळे हसले. मी पोरीला शब्द दिला.

परत आले आणि पंधरवड्यात वटपौर्णिमा आली. आमच्या सोसायटीतल्या बायका बाजारातून वडाची फांदी आणतात, पुजतात आणि दुसऱ्या दिवशी खाडीत सोडतात. दिवाळे गावची पुतळा कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन येते. ती त्या दिवशी जिन्यातच कडाडली, "अगो बायांनो, तुमच्या फांद्या आमचे जाल्यान अरकतान! खाडी काय तुमचा उकिरडा हाय?" मी म्हटलं, दे त्या सगळ्या मला.

मी विधवा. पुजलेली फांदी माझ्या हातात द्यायची की नाही, म्हणून दोघीतिघी दारात घुटमळल्या. तेव्हा सेक्रेटरींची बायको वैशाली सावे पदर खोचून पुढे झाली. "काकी, द्या ती पहार इकडे. खड्डा मी खणते." त्या वाक्याचे माझ्यावर उपकार आहेत. सगळ्या फांद्या आम्ही कुंपणाच्या भिंतीला लागून, हात-हात अंतरावर, ओळीने लावल्या. हसू नये. मी गिरगावात जन्मले, वैशाली दादरची. आमच्या लेखी वड म्हणजे तांबड्या दोऱ्यात गुंडाळलेली वीतभर फांदी. तिचं पुढे काय होतं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच सुकल्या, पण ज्या जगल्या त्यांनी पुढच्या वर्षी मुळं भिंतीत घातली.

५. त्यावरून सेक्रेटरी दिनानाथ सावे यांच्याशी माझं जे भांडण झालं ते सर्वांनी गॅलऱ्यांतून ऐकलं आहे. "काकी, भिंत पडेल! उपटणार मी!" असं ते म्हणाले, आणि मी त्यांना जे म्हणाले ते मृत्युपत्रात शोभणार नाही. पण दुसऱ्या रविवारी हाच माणूस टेम्पो घेऊन आला. मुळं मातीसकट काढून, गोणपाटात बांधून, त्याने सगळे वड जवळच्या तलावाच्या बांधावर नेऊन लावले, ऐसपैस, वडासारखे. परवानगीसाठी कचेरीत खेटेही त्यानेच घातले. माझी पहार आणि पार्किंगची जागा त्यांना द्यावी. मी दिलेल्या शिव्या परत घेतल्या असं समजावं. पोस्टातली माझी पुंजी त्या झाडांच्या कुंपणासाठी आणि उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी त्यांच्याच हाती राहील. झाडं माझ्यापेक्षा पुष्कळ जगायची आहेत, नाहीतर धूर परत.

६. मला विजेच्या दाहिनीतच न्यावं, लांब पडली तरी चालेल. एवढी झाडं लावून शेवटी स्वतःसाठी लाकडं फोडायची, हे मला जमायचं नाही. अभिरामने दिवसकार्यासाठी विमानाने धावत येऊ नये. अग्नी सावे देतील. भांडलेला माणूस आपलाच असतो.

७. राहिली जाई. ती आता बारा वर्षांची आहे. ह्या सुट्टीत तिची तिकिटं काढायची होती, तर तिने फोनवर सांगितलं, "आजी, मला खूप यायचंय. पण मजेसाठी विमान नाही. वर्गात मीच सगळ्यांना सांगते, मग मीच कशी येऊ?" आणि रडली. मी "शहाणी गं माझी ती" म्हटलं, फोन ठेवला आणि मीही रडले. तिचं खरं आहे. तिच्यावर कोणी जबरदस्ती करू नये. डॉक्टर पुढच्या सुट्टीची खात्री देत नाहीत, म्हणून तिची वाट पाहण्याचं काम मी दुसऱ्यावर सोपवते.

तलावाच्या बांधावरचे वड माझ्या विमानाचे आहेत. पण माझ्या गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात एक वड वेगळा आहे. गेल्या वर्षीच्या वटपौर्णिमेची, वैशालीने स्वतः पुजलेली फांदी. तिला मुळं धरली आहेत, पानं तळहाताएवढी झाली आहेत. एका झाडाने एका विमानाचा धूर फिटतो का, ते मला ठाऊक नाही. फिटत नसेल तर वैशाली दर वर्षी आणखी एक लावेल, तसं तिने कबूल केलं आहे. हा वड मी जाईला देते. तिच्या येण्याचा आणि जाण्याचा. बाळा, धूर आजीने भागवलाय, उतरायला ही जागाही राखून ठेवलीय. तू ये, आणि तो डब्यातून काढून तुझ्या हाताने लाव.

सही: शालन शिवराम खानविलकर

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी वाचून सही केली. सही करताना हसत होत्या.

साक्षीदार:
१. डॉ. पार्थ मोकल, जुईनगर
२. पुतळा नामा कोळी, दिवाळे

जुईनगर, नवी मुंबई
वटपौर्णिमेचा दुसरा दिवस, २९ जून १९९९